नाव घेतल्याशिवाय दिवा लावायचा नाही

प्रत्येक दिव्याला एक नाव असतं आणि प्रत्येक नावामागे एक संस्कृती उभी असते.

हे वाक्य माझं नाही. बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत एका गोदामाच्या दारावर ते पितळी अक्षरांत लावलेलं आहे, वर कन्नडात आणि खाली इंग्रजीत. सिनेमाच्या शूटिंगला दिवे भाड्याने देणाऱ्या एका कंपनीने तिथे आपल्या जुन्या दिव्यांचं दालन केलं आहे. आत शिरलं की पहिलाच दिवा दिसतो तो काळा, कळशीएवढा, हजार वॅटचा. त्याचं नाव बेबी. त्याला बेबी म्हणतात, कारण त्याच्याहून मोठ्याला ज्युनियर आणि त्याहूनही मोठ्याला सिनियर म्हणतात. या नावामागची संस्कृती शोधण्यात मी एकदा दोन दिवस घालवले होते. बेबीच्या मागे भिंत आहे.

आमच्या मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसच्या रस्त्यावर कोहळ्यांचे ढीग लागले की मला हे गोदाम आठवतं. पांढुरकी साय धरलेले ते थोराड कोहळे फुटपाथ अडवून बसतात. त्यांच्या शेजारी केळीचे खुंट, शेवंतीच्या माळा, झेंडूची पोती. आमच्या घरात या दिवसाला खंडेनवमी म्हणतात आणि दाराबाहेर आयुधपूजा. घरात विळी, कात्री आणि शिवणयंत्राला हळदकुंकू लागतं. बाहेर रिक्षा, बस, लेथ मशीन आणि एटीएमसुद्धा कुंकवाने माखतं. मग कोहळ्यात कुंकू भरून तो रस्त्यावर आपटतात, आणि दुसऱ्या दिवशी अर्धं शहर त्या गरावरून स्कूटरसकट घसरतं. हत्यारांनी आपल्याला इजा करू नये म्हणून केलेल्या पूजेचा हा परिणाम दरवर्षी होतो आणि दरवर्षी सगळे त्याच उत्साहाने पुन्हा कोहळा आपटतात.

यंदा कोहळे आले त्याच सकाळी ईशाचा फोन आला. ईशा पुण्याची. एचएसआर लेआउटमधल्या एका स्टार्टअपमध्ये काम करते. संग्रहालयं, दालनं, 'अनुभव' असं काहीबाही तयार करून देतात ते लोक. चार दसऱ्यांपूर्वी ते दालन तिनेच उभं केलं, आणि दिव्यांसमोरची माहितीची कार्डं मी लिहिली.

"काकू, हॅपी दसरा इन अ‍ॅडव्हान्स! सो, आपण दालनाचं व्हर्जन टू करतोय. आयुधपूजेलाच लाँच आहे. तुमची कार्ड्स सुपर्ब आहेत, पण बेसिकली ती जरा ड्राय आहेत."

"कार्ड ड्रायच असावं, ईशा. ओलं झालं की फाटतं."

ती हसली. मग म्हणाली, "काका प्रत्येक नावाची एक स्टोरी सांगायचे ना? त्या हव्यात. तुमच्याकडे लिहिलेल्या असतीलच."

लिहिलेल्या होत्या. पेन्सिलीने, माझ्याच अक्षरात. आणि मीच त्या रबराने खोडल्या होत्या, एकेक करून, व्यवस्थित. हे मी तिला सांगितलं नाही. "बघते," म्हटलं आणि फोन ठेवला. मग बाल्कनीत जाऊन वाळलेले टॉवेल उगाचच पुन्हा एकदा झटकले.

मुकुंद, माझा नवरा, त्या कंपनीत एकतीस वर्षं दिव्यांवर होता. शेवटची अठरा मुख्य म्हणून. दिवे कुठे लागायचे, किती लागायचे, कोणाच्या तोंडावर सावली पडायची, हे तो ठरवायचा; पडद्यावर नाव यायचं ते शेवटून तिसऱ्या पाटीवर, प्रेक्षक चपला शोधत असताना. आमची दोन्ही घरं मल्लेश्वरमची, दोन्ही वडील एकाच सरकारी कारखान्यात इंजिनियर. मुकुंदने डिप्लोमा अर्धा सोडून सिनेमाचे दिवे धरले तेव्हा त्याच्या घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं म्हणतात. आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांनी सांगलीच्या नातेवाइकांना पत्रातून कळवलं की जावई इल्युमिनेशन इंजिनियर आहेत. सांगलीहून उत्तर आलं की आमच्याकडे गणपतीत रोषणाईला येतील का.

तो घरी यायचा तेव्हा त्याच्या अंगाला एक वास असायचा. जळलेली धूळ, तापलेला पत्रा, थोडं खोबरेल. आणि त्याच्या शर्टच्या कॉलरीला, खिशाला, शिवणीला लाकडी चिमटे लावलेले असायचे. कपडे वाळत घालायचे साधे चिमटे. दिव्याच्या तापलेल्या झडपांना रंगीत कागद लावायला प्लास्टिक चालत नाही, वितळतं, म्हणून लाकडी. परदेशातल्या सेटवर या चिमट्याला म्हणे सी-फॉर्टीसेव्हन म्हणतात. का म्हणतात, याची मी चार कारणं वाचली आहेत. चारही एकमेकांना खोटं पाडतात आणि चारही सांगणारे सारखेच ठाम आहेत. मुकुंद त्याला चिमटा म्हणायचा आणि आठव्या क्रॉसवरून डझनाने आणायचा. तो धुवायला टाकलेल्या शर्टातून मी ते चिमटे काढायचे आणि त्याच चिमट्यांनी तोच शर्ट वाळत घालायचे. आमच्या संसारात इतकी सरळ सोय दुसरी नव्हती.

त्याच्या युनिटमध्ये एक नियम होता. नाव घेतल्याशिवाय दिवा लावायचा नाही. म्हणजे असं की, स्विचपाशी उभ्या माणसाने आधी दिव्याचं नाव मोठ्याने घ्यायचं: "बेबी!" मग दिव्याजवळ जो कोणी असेल त्याने हात बाजूला घ्यायचा, डोळे वळवायचे आणि म्हणायचं, "सरी!" म्हणजे ठीक आहे, चालू दे. त्यानंतरच स्विच. नाव घेतलं आणि सरी आलं नाही तर स्विच नाही, मग नट मेकअपमध्ये घामाघूम होवो नाहीतर निर्माता थयथयाट करो. हा नियम त्याने केला होता की त्याच्या आधीपासून होता, कुणास ठाऊक. पण त्याच्या अठरा वर्षांत त्याच्या एकाही माणसाचा हात भाजला नाही. ही गोष्ट तो कधी सांगायचा नाही. मला ती मुनियप्पाने सांगितली.

मुनियप्पा मुकुंदचा उजवा हात. होसकोट्याकडचा, माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान, बारीक आवाजाचा. मुकुंदला तो मुकुंदण्णा म्हणायचा आणि मला अक्का. इतक्या वर्षांत त्याने मुकुंदकडून मराठी उचलली ती अशी, की शिव्या अस्खलित आणि बाकीचं स्वल्प.

आणि मग आयुधपूजा. त्या दिवशी काम बंद. सगळे दिवे गोदामाच्या मधोमध अर्धवर्तुळात मांडलेले, पुसलेले, प्रत्येकाच्या कपाळावर, म्हणजे भिंगाच्या वर, कुंकवाचा टिळा. सगळ्यात लहान दिव्यापासून सुरुवात व्हायची. मुकुंद एकेका दिव्याचं नाव घ्यायचा, त्या नावाची गोष्ट दोन-तीन वाक्यांत सांगायचा, माणसं एका सुरात "सरी!" म्हणायची आणि तो दिवा लागायचा. लग्नात बायकांना नाव घ्यायला लावतात, तसं काहीसं. फक्त इथे घेणारा एकच होता आणि त्याला कुणी आग्रह करावा लागत नसे. तिसाव्या दिव्यापर्यंत गोदामात ऐन उन्हाळा उतरलेला असायचा. शेवंती मान टाकायची. पत्र्याचं छप्पर कडकड वाजायचं. सगळ्यांची तोंडं लाल, आणि हातात चुरमुरे-डाळ्यांचे पुडे. मलाही त्या दिवशी सुट्टी असायची, म्हणून मी दरवर्षी जायचे. दारापाशी खुर्ची टाकून बसायचे आणि मनातल्या मनात त्याच्या गोष्टींतल्या चुका मोजायचे.

मी ग्रंथपाल होते. एका संशोधन संस्थेत चौतीस वर्षं. तिथे शास्त्रज्ञ लोक कधीतरी कुठेतरी वाचलेलं सांगत यायचे, आणि 'कुठे' हे विचारण्याचा मला पगार मिळायचा. सवय घरी आली. सवयी घरी येतातच, त्यांना घराचा पत्ता माहीत असतो.

चार दसऱ्यांपूर्वी कंपनीच्या मालकांनी ठरवलं की जुने दिवे काढायचे. एलईडी आले होते. ते तापत नाहीत, वीज खात नाहीत, फोनवरून लागतात आणि फोनवरूनच विझतात. त्यांना नावं नाहीत, अक्षरं आणि आकडे आहेत. लावताना कुणी कुणाला हाक मारत नाही. जुन्यांपैकी बरेच भंगारात जाणार होते आणि निवडक तीस नग, झडपा आणि फळ्या धरून, दालनात. मुकुंदलाही त्याच वर्षी निवृत्त व्हायचं होतं. मालक त्याला म्हणाले, "नावांचं तेवढं लिहून द्या, मुकुंदण्णा. तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही." तो घरी आला आणि चहाला बसला. मग म्हणाला, "तू लिहिशील? तुझं अक्षर चांगलं आहे."

त्याने त्याआधी मला आपल्या कामात काही करायला सांगितल्याचं मला आठवत नाही.

नवरात्राचे नऊ दिवस आम्ही रोज बोम्मसंद्र्याला जात होतो. तेव्हा मेट्रो तिथवर नव्हती. युनिटची व्हॅन घ्यायला यायची आणि सिल्क बोर्डच्या तुंबलेल्या चौकात आमचं रोज एक वर्तमानपत्र वाचून संपायचं. गोदामात पंख्याखाली एक टेबल, त्यावर माझी ग्रंथालयातली कोरी कार्डं, दोन पेन्सिली, एक रबर. मी पेन्सिलीनेच लिहिते. ज्ञान बदलतं, शाई बदलत नाही, असं आमचे जुने ग्रंथपाल म्हणायचे. ते स्वतः शाईने लिहायचे.

मुकुंद दिवा पुसत पुसत सांगायचा, मी लिहायचे आणि मग विचारायचे.

"इंकी," तो म्हणाला. हा सगळ्यात लहान दिवा, पेल्याएवढा. "एका कॅमेरामनला ऐनवेळी छोटा दिवा हवा होता. टेबलावर शाईची दौत होती. त्याने शाई ओतून दिली, दौतीत बल्ब बसवला. म्हणून इंकी."

"काचेच्या दौतीत बल्ब? तडकली नाही?"

"पितळी दौत असेल."

"मुकुंद, इन्कॅन्डेसंट या शब्दाचा तो लाडाचा तुकडा असणार. पुस्तकात तसंच दिलंय."

"मग तुला माहीतच आहे," तो म्हणाला आणि पुढच्या दिव्याकडे वळला.

पुढचा रेडहेड. त्याचं म्हणणं, परदेशातल्या कुठल्या स्टुडिओत लाल केसांचा एक तापट लाइटमन होता, त्याच्यासारखा हा लवकर तापतो. मी म्हटलं, "अरे, दिव्याचा पत्राच लाल आहे."

"म्हणूनच खरं कारण कुणी शोधलं नाही."

मग ब्रूट, म्हणजे जनावर. हा म्हणजे अजस्र. आत कोळशाच्या दोन कांड्या, त्यांच्यामध्ये ठिणगी. उचलायला चार माणसं आणि पेटला की जवळ एक माणूस सतत उभा. मुकुंदच्याही आधीपासून तो कोपऱ्यात पडून होता. गोष्ट अशी, की तो पहिल्यांदा ज्याने उचलला त्याने एक शिवी दिली, तेच नाव पडलं, आणि कंपनीच्या कागदावर शिवी लिहिता येईना म्हणून कारकुनाने तिचा सभ्य अर्थ लिहिला.

"याला पुरावा?"

"शिवी कोण लिहून ठेवतं गं?"

मुनियप्पा शिडीवरून खाली बघत म्हणाला, "अक्का, मी सांगतो ना कोणची शिवी. तीन आहेत. लिहा."

मी एकही लिहिली नाही. संध्याकाळी व्हॅनमध्ये बसण्याआधी मी दिवसभराची कार्डं तपासायचे आणि ज्याला आधार नाही ते खोडायचे. रबर चांगलं होतं, जर्मन. कार्डावर मागे राहायचं ते नाव, वॅट, उंची, कशासाठी वापरतात. स्वच्छ, खरं, कुणालाही उलटून विचारता येणार नाही असं. ईशा मधूनमधून यायची. तेव्हा ती पुण्याहून नवीन आली होती आणि तिला सगळं आवडत होतं. "काकू, व्हिजिटरला एक जर्नी द्यायचीय, प्रकाशाची," ती म्हणायची.

"हॉल चाळीस पावलांचा आहे."

"हो, पण ऑथेंटिक वाटली पाहिजे. खरी नसली तरी चालेल."

या वाक्यावर मी तेव्हा महिनाभर लोकांना हसवलं. आता ते आठवलं की हसू येत नाही. तिच्या त्या जर्नीमध्ये मुकुंदच्या सगळ्या गोष्टी सुखरूप राहिल्या असत्या.

अष्टमीला आम्ही कुकीपाशी आलो. कुकी हा दिवा नाही. ती प्लायवूडची फळी असते, वेड्यावाकड्या भोकांची. दिव्यासमोर धरली की भिंतीवर झाडाच्या पानांची सावली पडल्यासारखं दिसतं. या नावाचं मूळ ग्रीक आहे असं एका पुस्तकात मोठ्या गांभीर्याने दिलं होतं. मी ग्रीक कोश काढून पाहिला. तिथे ते नव्हतं. दुसऱ्या पुस्तकात ते एका माणसाचं नाव होतं, आणि त्या माणसाचा कुठे पत्ता नव्हता. मी खुशीत होते. मोठ्या लोकांनी ठोकून दिलेलं पकडलं की मला बरं वाटतं.

मुकुंद म्हणाला, "नावाचं ते राहू दे. या फळीची गोष्ट लिही. ही इथली आहे, मी कापलेली."

"सांग."

"तुमच्या घरासमोर होंगेचं झाड होतं, करंजाचं. मी तुमच्याकडे ट्यूबलाइट बसवायला आलो होतो, वडिलांनी पाठवलं होतं. तू पायरीवर वाचत बसली होतीस. झाडाची सावली भिंतीवर आणि तुझ्यावर, दोन्हीवर पडली होती. मी घरी जाऊन ती जशीच्या तशी कागदावर काढली. पुढे नोकरी लागल्यावर त्यावरून ही कापली. शेकडो शूटिंगला गेली असेल. हे डावीकडचं भोक वाकडं आहे बघ. तेव्हा तू हललीस."

मुनियप्पाने हातातलं फडकं थांबवलं होतं. मला ते दिसलं. मला त्याच्यासमोर जरा लाज वाटली असणार, कारण मी जे विचारलं ते एरवीपेक्षाही कोरड्या आवाजात विचारलं. "याला पुरावा काय?"

"पुरावा पंख्याखाली बसून पेन्सिल हातात घेऊन विचारतोय," मुकुंद म्हणाला.

मुनियप्पा हसला, मीही हसले. गोष्ट मी लिहून घेतली. संध्याकाळी कार्डं तपासताना तिथे आले आणि थोडा वेळ पेन्सिल टेकवून बसले. मग वाटलं, बाकीच्या एकोणतीस गोष्टी आधार नाही म्हणून खोडायच्या आणि एक ठेवायची, ती नेमकी आपल्यावरची. हे बरं दिसत नाही. आणि त्या दिवशी मी खरंच हलले होते का, हे मला आठवत नव्हतं. मी ती खोडली. 'प्लायवूड, अठरा भोकं, पानांच्या सावलीचा आभास निर्माण करण्यासाठी.' असं कार्ड राहिलं.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. जुन्या दिव्यांची शेवटची. दिवे मांडलेले, टिळे लागलेले, माणसं घरच्यांना घेऊन आलेली. मुकुंदच्या हातात माझी कार्डं होती. मला वाटलं, क्रम चुकू नये म्हणून घेतली असतील. त्याने पहिलं कार्ड वर धरून वाचलं. "इंकी. दोनशे वॅट. उंची एक वीत. चेहऱ्याजवळ मंद उजेडासाठी." आणि थांबला.

माणसंही थांबली. सरी आलं नाही. मग मुनियप्पा म्हणाला, "कथे एल्ली, अण्णा?" गोष्ट कुठाय.

"पुरावा नाही रे," मुकुंद म्हणाला.

सगळे हसले. छान हसले, त्याच्या विनोदाला नेहमी हसायचे तसे, आणि सगळ्यांत मोठ्याने मी. मग त्याने तीसही कार्डं तशीच वाचली, एकही शब्द पदरचा न घालता. दिवे लागत गेले, उकाडा वाढत गेला, शेवंतीने मान टाकली. व्हॅनमध्ये तो म्हणाला, "कार्डं चांगली झालीत. एकही चूक नाही." तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं.

पुढच्या आयुधपूजेला तो दालनात पाहुणा म्हणून पहिल्या रांगेत बसला. हार घातला, नारळ दिला, शाल दिली. शाल अंगावर घेऊन तो इतका गरीब दिसत होता की मी ती गाडीत बसताच काढून घेतली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात, जेवणानंतर, वर्तमानपत्र उघडं ठेवून तो गेला. मी आतून दोनदा हाक मारली.

त्याचे शर्ट मी वर्षभराने काढले. तोवर ते जळक्या धुळीचा वास विसरून डांबरगोळीचे झाले होते. खिशांतून एकूण अकरा चिमटे निघाले. एकाचं टोक जळून काळं झालेलं, दुसऱ्याला लाल कागदाचा कपटा चिकटलेला. मी ते दोरीवर लावले. अजून तेच वापरते. खंडेनवमीला पाटावर विळी आणि कात्रीच्या शेजारी त्यातला एक ठेवते. शेजारच्या राजम्मा अक्कांनी एकदा विचारलं, "हे काय आयुध?" मी म्हटलं, आहे एक.

ईशाच्या फोननंतर मी कार्डांचा कच्चा संच काढला. खोडलेली अक्षरं खिडकीशी तिरपी धरली की पेन्सिलीचे वळ दिसतात असं ऐकलं होतं. दिसतात. पण मी हलक्या हाताने लिहिते. 'दौत' दिसलं. एका ठिकाणी 'म्हैस' दिसलं, आणि म्हशीचा कोणत्या दिव्याशी काय संबंध होता हे मी चार दिवस आठवत होते. बार्न डोअर म्हणजे दिव्याच्या झडपा, त्यात गोठा आहे, म्हणून म्हैस तिथलीच असणार. पण ती तिथे काय करत होती? मुकुंदने सांगताना सगळे खो खो हसले होते एवढं आठवतं. हसू आठवतं आणि गोष्ट नाही. तीसपैकी पूर्ण अशा सहा माझ्याकडे निघाल्या.

अष्टमीला मी मेट्रोने बोम्मसंद्र्याला गेले. हल्ली मध्ये एकदा गाडी बदलली की थेट जाता येतं, आणि सिल्क बोर्डचा चौक वरून छान दिसतो. दालनाच्या दारात ईशा भेटली. तिने साडी नेसली होती आणि ती टॅबवर कुणाला तरी ओरडत होती. मुनियप्पा आत होता. त्याला आता दालनाचा राखणदार म्हणून ठेवलं आहे. नव्या गणवेशाच्या कॉलरीला त्याने दोन चिमटे लावले होते.

"मुनियप्पा, म्हशीची गोष्ट आठवते?"

"आठवते की, अक्का." त्याने सांगितली. खूप हसला. मग म्हणाला, "का ती बैलाची होती? एक वर्षी बैल होता." मग त्याने बैलाची सांगितली. तीही चांगली होती, पण ती पूर्ण वेगळी होती.

"म्हणजे दरवर्षी बदलायचे ते?"

"मग? तीच तीच कोण ऐकणार?" मुनियप्पा म्हणाला. "माणसं गोष्टीसाठी दिव्याकडे बघायची. बघितलं की हात बाजूला जायचा. अण्णा तेवढंच बघायचे."

मी तिथल्या बाकावर बसले. दरवर्षी दारापाशी खुर्ची टाकून मी चुका मोजल्या होत्या आणि गोष्टी बदलताहेत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. चुका मोजणाऱ्याचं असंच होतं बहुधा; त्याला गोष्ट ऐकू येत नाही. मग मनात आलं, कुकीची पण बदलायची का? विचारायचा धीर होईना. तरी विचारलं.

"ती फळीची? होंगेची?" मुनियप्पाने मान हलवली. "ती एकच. ती बदलली नाय कधी. पण ती आम्हालाच सांगायचे, चहाला बसलो की. पूजेत नाय सांगितली. तुम्ही असायच्या ना."

ईशा टॅब खाली ठेवून ऐकत होती.

मी पर्समधून कोरं कार्ड काढलं आणि तिच्याकडे पेन मागितलं. शाईचं. कार्ड लिहायला मला बराच वेळ लागला. ते असं आहे: 'कुकी. प्लायवूड, अठरा भोकं. नावाचं मूळ कुणालाही माहीत नाही. हा नमुना मल्लेश्वरम येथील एका होंगेच्या झाडाच्या सावलीवरून कापला, असं कापणाऱ्याचं म्हणणं. डावीकडचं भोक वाकडं आहे. त्या वेळी समोरचं माणूस हललं. स्रोत: मुकुंद. पुरावा: नाही.'

फळीतली उरलेली सतरा भोकंही मी नीट पाहिली. ती सगळीच कमीजास्त वाकडी आहेत. ते कार्डावर लिहिलं नाही.

बाकीची पाच कार्डंही बदलली. चोवीस तशीच राहिली, वॅट आणि उंची सांगत. ब्रूटच्या तीन शिव्या मुनियप्पाने ईशाला सांगायची तयारी दाखवली, आणि तिने त्या खरोखरच टॅबवर उतरवून घेतल्या.

कार्ड चिकटवायला ईशा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप घेऊन पुढे झाली. मुनियप्पाने तिचा हात अडवला. "टेप बेडा, मॅडम, नको. समोर दिवा आहे. तापतो. वितळून सगळं खाली येईल." त्याने कॉलरीचा एक चिमटा काढला, कार्ड फळीच्या कडेला धरलं आणि चिमटा लावला. मग दोन पावलं मागे जाऊन त्याने नजर बाजूला वळवली.

"कुकी," मी म्हटलं. वाटलं होतं त्याहून मोठ्याने.

"सरी," मुनियप्पा म्हणाला.

समोरच्या दिव्यात बल्ब नाही. दालन झालं तेव्हाच सगळ्यांचे काढून घेतले आहेत.